एका माणसाची खुर्ची

आमच्या घरात रडायला बंदी नाही. मिरवायलाही नाही. फक्त दोन्ही गोष्टी खुर्चीत बसून करायच्या, हा सासूबाईंचा कायदा.

खुर्ची बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या कडेला. उंच पाठीची, रुंद हातांची, हिरव्या कापडाची. आमचं सोफे आणि गाद्या दुरुस्त करायचं दुकान. खाली दुकान, वर घर. कोणा गिऱ्हाइकाने स्प्रिंगा बदलायला म्हणून ही खुर्ची आणून टाकली आणि तो जो गेला तो गेलाच. सासरे तेव्हा होते; त्यांनी वर्षभर वाट पाहिली, मग एक दिवस ती जिना चढवून वर आणली. तेव्हा माझा नवरा आणि धाकटा दीर शाळेत जाणारे होते आणि दिवसभर एकमेकांच्या चहाड्या सांगून सासूबाईंचं डोकं खात होते. सासूबाईंनी फर्मान काढलं. ज्याचं काही दुखतंय-खुपतंय त्याने या खुर्चीत बसून सांगायचं, एका वेळी एकानेच. ज्याला फुशारकी मारायची असेल त्यानेही इथेच बसून मारायची. बसलेल्याचं सगळ्यांनी ऐकायचं, त्याला चहा आणून द्यायचा, मध्ये तोंड घालायचं नाही आणि त्याला उठवायचं नाही. तो आपणहून उठेल. खुर्चीबाहेर मात्र कोणी रडायचं नाही की मिरवायचं नाही. खुर्चीबाहेर कामं करायची.

लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ही माणसं ठार वेडी आहेत. महिनाभरात कळलं की वेडी आहेत, पण ठार नाहीत. समोर तीन माणसं मुकाट बसून ऐकायला लागली की कोणाचंही रडगाणं तासाभरात आटोपतं, कारण दुसऱ्यांदा सांगताना ते आपलं आपल्यालाच कंटाळवाणं वाटतं. फुशारकीचंही तेच. दिराने एकदा अख्ख्या सोफ्याचं कापड कुठेही जोड न देता बेतलं आणि संध्याकाळी ऐटीत खुर्चीत जाऊन बसला. आम्ही ऐकत राहिलो. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "जाऊ द्या, एवढंही काही नव्हतं," आणि कात्री शोधायला खाली गेला.

माझं सांगायचं तर इतक्या वर्षांत मी त्या खुर्चीत बसले ती रडायलाच. आई गेली तेव्हा बसले, दाढ दुखली तेव्हा बसले, नवऱ्याशी भांडण झालं तेव्हा तर किती वेळा बसले याला गणती नाही. मिरवायला मात्र कधीच बसले नाही. मिरवण्यासारखं हाताशी काही नव्हतंच. उशांना अभ्रे शिवणं आणि कडांना गोट लावणं, यात मिरवायचं काय? घरातले सगळे आळीपाळीने येऊन आपापले झेंडे फडकवून जायचे आणि मी चहा करायची. मनात खूप यायचं, कधीतरी आपणही त्या रुंद हातांवर कोपर टेकून बसावं आणि या तिघांना गप्प बसवावं.

माझा नवरा कामाला बसला की ओठांत चुका धरतो. चुका म्हणजे बारीक खिळे. जिभेने एकेक पुढे ढकलायची, हातोडीच्या टोकाने उचलायची आणि कापडात ठोकायची. त्यामुळे कामात असताना त्याला बोलता येत नाही. आमच्या संसारात जी काही गोडी टिकून आहे तिचं श्रेय मी त्या चुकांना देते. तोंड भरलेलं आणि हात चालू असला की हा माणूस सुखी. मग छप्पर गळो नाही तर गिऱ्हाईक बोंबलो.

आणि मग त्याला त्याच्या जन्माचं काम मिळालं. चौकापलीकडच्या जुन्या थिएटरच्या मालकाने सगळ्या खुर्च्या नव्याने बांधून घ्यायचं ठरवलं. सगळ्या! नवऱ्याने लहानपणी तिथे मागच्या रांगेतल्या फाटक्या खुर्चीत बसून सिनेमे पाहिले होते, आणि म्हणे तेव्हाच ठरवलं होतं की मोठेपणी ही खुर्ची आपण शिवायची. त्या संध्याकाळी तो घरच्या खुर्चीत बसला तो जेवणाची वेळ टळून गेली तरी बोलतच होता. आम्हीही ऐकलं. कायदाच होता, पण खरं सांगते, कायदा नसता तरी ऐकलं असतं. नमुना म्हणून त्याने लाल मखमलीची एक खुर्ची बांधली. ती इतकी देखणी झाली की दीर येता-जाता तिच्यावरून हात फिरवायचा आणि सासूबाई त्याच्या हातावर चापट मारायच्या.

इकडे मी चोरून सायकल शिकत होते.

चोरून, कारण चाळिशी उलटलेली बाई सायकलवरून आपटतेय म्हटल्यावर दीर दुकान बंद करून बघायला बाकं मांडून बसला असता. शेजारच्या नर्सबाई रात्रपाळी संपवून सकाळी सायकलवर घरी येतात. त्यांनी एकदा मला त्या सायकलकडे टक लावून बघताना पकडलं आणि म्हणाल्या, "बघून येत नाही, बसून येते." तेव्हापासून मी सकाळी दूध आणायला जाते असं सांगून थिएटरच्या आवारात जायची. त्या वेळी तिथे कुत्रंही नसतं. नर्सबाई झोपेने पेंगत मागून सीट धरायच्या आणि मी जीव मुठीत धरून पॅडल मारायची. गुडघे फुटले, एक कोपर सोलवटलं. घरी मी जिन्याला दोष दिला. नवऱ्याने बिचाऱ्याने जिन्याचा कठडा दुरुस्त केला.

मग ती सकाळ आली. नर्सबाईंनी सीट धरली होती, आणि एकदम त्यांचा आवाज लांबून यायला लागला. त्या पायरीवर बसून जांभया देत होत्या आणि मी चालले होते! कोणीही धरलेलं नसताना, माझी मी! मला जे वाटलं ते मला इथे नीट सांगता येणार नाही. एवढंच सांगते की मी मोठ्याने हसत होते. फाटकाशी दोन माणसं शिडी लावून कसला तरी बोर्ड टांगत होती. मी एक हात सोडून त्यांना टाटा केला. त्यांनीही केला.

घरी येताना मी वाक्यंसुद्धा जुळवली. आधी काही बोलायचंच नाही. नुसतं जाऊन खुर्चीत बसायचं. तिघं विचारतील, काय झालं, दाढ का? मग सावकाश सांगायचं. दुधाची पिशवी हलवत मी दोन-दोन पायऱ्या चढून वर आले.

खुर्चीत नवरा बसला होता. त्याच्या हातात फोन होता आणि सासूबाई त्याच्यासमोर उभ्या होत्या.

"थिएटर पाडणार," तो म्हणाला. "मालकाने विकून टाकलं. आज सकाळी बोर्डसुद्धा लावला म्हणे."

मी दूध ठेवलं आणि चहा टाकला. बोर्ड मी पाहिला होता. पाहिला होता, वाचला नव्हता. आणि तो लावणाऱ्यांना टाटा केला होता.

पहिल्या दिवशी आम्ही तिघांनी मनापासून ऐकलं. दुःख खरं होतं, मोठं होतं, आणि त्याचं एकट्याचं नव्हतंच. दुसऱ्या दिवशीही ऐकलं. तिसऱ्या दिवशी तो उठून दुकानात जाईल असं वाटलं होतं. तो दात घासून पुन्हा खुर्चीत येऊन बसला. मग तो रोजच बसायला लागला. जेवायला आणि झोपायला तेवढा उठायचा. बाकी दिवसभर खिडकीतून चौकाकडे बघत बसायचा. बोलायचाही नाही. बोलला असता तर निदान दुसऱ्यांदा सांगताना कंटाळला असता. खाली अर्धे उघडलेले सोफे पोटातल्या स्प्रिंगा दाखवत पडून राहिले, आणि दीर एकटा गिऱ्हाइकांना थापा मारत राहिला.

सासूबाईंची पंचाईत झाली. उठवायचं नाही, हा कायदा त्यांचाच. स्वतःच्या तोंडाने मोडायचा कसा? त्यांनी आडवळणाने प्रयत्न केला. एका दुपारी गुडघा चोळत आल्या आणि म्हणाल्या, "अरे, आज गुडघा फार ठणकतोय. मला जरा बसायचं होतं खुर्चीत."

नवरा म्हणाला, "गुडघा तुझा जुना आहे, आई."

दिराने दुसऱ्या दिवशी घोडं पुढे दामटलं. "दादा, माझं लग्न ठरत नाही. मला आता अगदी राहवत नाही. ऊठ, मला रडू दे."

"तूच मुलींना नाही म्हणतोस," नवरा म्हणाला. "आणि तुला रडू येत असतं तर आत्तापर्यंत आलं असतं."

दिराने डोळे मिचकावून खूप प्रयत्न केला. शेवटी त्याला शिंक आली.

या सगळ्यात माझी अवस्था कोणाला सांगणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो दुःखाचा असतो असं मी समजत होते. सुखाचाही असतो. रोज सकाळी मी जाऊन सायकल चालवत होते. होय, जात होते. नवरा घरात तसा बसलेला असताना मी त्याच पाडायच्या थिएटरच्या आवारात फेऱ्या मारत होते, आणि वर जिना चढता चढता चेहरा उतरवून घेत होते. त्याची मला लाज वाटायची. आणि लाज वाटायची म्हणून राग यायचा. माझ्या जन्मात पहिल्यांदा मिरवायची पाळी आली आणि नेमका हा माणूस खुर्ची अडवून बसला होता! मग लगेच वाटायचं, अगं, त्याचं काय गेलंय आणि तू कसला हिशोब करतेस. असं दिवसातून दहा वेळा. भांडी घासताना मी गुणगुणायची आणि मध्येच थांबायची.

सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. एकदा त्यांनी मला ओट्याशी गाठलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पोटात काहीतरी लपवलंयस तू."

"काही नाही, आई."

त्या माझ्या पोटाकडे बघायला लागल्या. "या वयात?"

"आई! तसलं काही नाही!"

"मग कसलं?"

"ते खुर्चीत बसल्याशिवाय सांगता येणार नाही," मी म्हणाले. "कायदा तुमचाच आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मग बाहेरच्या खोलीकडे बघितलं. त्या दिवसापासून माझ्या कपात त्या साखर जास्त घालायला लागल्या.

असे दोन आठवडे गेले. एका दुपारी मी नवऱ्याला चहा नेऊन दिला. दीर खुर्चीसमोर जमिनीवर बसून उशीत कापूस भरत होता, सासूबाई बाजूला पडद्याची कड दुमडत होत्या. नवरा चहाचा घोट घेऊन म्हणाला, "गार आहे."

तो गार नव्हता.

मग तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "चहासुद्धा गार. या घरात गेल्या पंधरा दिवसांत एक तरी चांगली गोष्ट घडली का, सांगा मला."

आता माणसाने किती म्हणून सोसायचं?

"घडली!" मी इतक्या जोरात ओरडले की दिराच्या हातातून कापूस उडाला. "घडली आहे! पण सांगायची कुठे? तुम्ही जागा सोडाल तर ना!" आणि रागाच्या भरात मी जाऊन खुर्चीच्या हातावरच बसले. अर्धी मी हातावर, अर्धी त्याच्या मांडीवर.

लोकांचे सोफे दुरुस्त करणाऱ्या घरातली ती खुर्ची. तिच्यात सतत कोणी ना कोणी बसलेलं, त्यामुळे वर आल्यापासून तिला कोणी हातोडी लावलीच नव्हती. ज्या स्प्रिंगा बदलायला ती आली होती त्यासुद्धा तशाच होत्या. आधी हात निखळला. मग एक पाय गेला. मग पाठ मागे कलंडली आणि आम्ही नवरा-बायको, चहा, कप आणि एक गंजलेली स्प्रिंग असे सगळे मिळून जमिनीवर आलो.

स्प्रिंग घरंगळत दिराच्या पायाशी जाऊन थांबली.

नवरा माझ्याकडे बघत होता. "काय घडलं?" त्याने विचारलं.

"मला सायकल येते," मी जमिनीवरूनच म्हणाले. इतके दिवस जुळवलेल्या वाक्यांतलं एकही वाक्य आठवलं नाही. "कोणी न धरता येते. थिएटरच्या आवारात शिकले. नर्सबाईंनी शिकवलं."

"कधीपासून येते?"

हा प्रश्न मला नको होता. "बोर्ड लागला त्या दिवसापासून," मी म्हणाले. "त्याच सकाळी. मी तेच सांगायला जिना चढून आले होते."

मला वाटलं, आता हा दुखावला. थिएटर गेलं त्या सकाळी आपली बायको तिथेच खिदळत होती, हे कुठल्या माणसाला आवडेल? आणि तो खरोखरच चिडला. कान लाल झाले त्याचे.

"म्हणजे त्या दिवशी घरात चांगलं काही झालं होतं," तो म्हणाला. "झालं होतं, आणि मला कोणी सांगितलं नाही! मी इथे पंधरा दिवस त्या दिवसाला शिव्या घालत बसलोय!"

"कसं सांगणार? तुम्ही एवढे दुःखात."

"अगं, दुःखात होतो, बहिरा नव्हतो!"

त्याचा आवाज चढला होता आणि मला मात्र हायसं वाटलं. पंधरा दिवसांत त्याचा आवाज पहिल्यांदा चढला होता. मी सासूबाईंकडे बघितलं. "आई, कायदा होता ना? एका वेळी एकानेच बसायचं?"

सासूबाईंनी मोडक्या खुर्चीचा हात उचलून बघितला. "खुर्ची एका माणसाची होती म्हणून कायदा एकाचा," त्या म्हणाल्या. "ते गिऱ्हाईक सोफा टाकून गेलं असतं तर मी दोघांचा केला असता. त्यात एवढं डोकं कसलं?"

दीर स्प्रिंग हातात घेऊन म्हणाला, "आई, म्हणजे आमचं सगळं बालपण या खुर्चीच्या मापाने गेलं?"

"बरंच म्हणायचं, स्टुलाच्या मापाने नाही गेलं," सासूबाई म्हणाल्या आणि चहा पुसायला फडकं आणायला गेल्या.

नवऱ्याने उठून पँट झटकली. "दाखव," तो मला म्हणाला.

"आत्ता?"

"मग कधी?"

नर्सबाई झोपल्या होत्या. त्यांनी एक डोळा उघडून किल्ली दिली आणि दार लावून घेतलं. मी सायकल हातात धरून चालत होते आणि तो शेजारून. दोन आठवड्यांत तो पहिल्यांदा घराबाहेर पडला होता, त्यामुळे उन्हाने डोळे बारीक करत होता. चौक ओलांडला तसा तो हळू झाला. फाटकाशी थांबला आणि बोर्ड वाचायला लागला. वरची ओळ, खालची ओळ, कंत्राटदाराचं नाव, सगळं. तो आवाराच्या मधोमध येऊन उभा राहिला, आणि मी टांग टाकली.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. खरं तर स्वतःलाही कधी नीट सांगितली नव्हती. मी इतके दिवस या आवारात नुसत्या फेऱ्या मारल्या होत्या, त्याही एकाच अंगाने. मला सरळ जाता येत नव्हतं. मला फक्त गोल जाता येत होतं. म्हणून मी त्याच्याभोवती गोल फिरायला लागले, आणि तो मध्ये उभा राहून माझ्याबरोबर वळत राहिला.

"अगं, खरंच येतं की!" तो ओरडला.

"मग काय खोटं सांगत होते?"

"हँडल किती लटपटतंय!"

"लटपटू दे! पडले का? सांगा, पडले का?" मी इतकी मिरवत होते की विचारू नका. खुर्चीत बसून जे काही मिरवलं असतं त्याच्या दसपट मी सायकलवर मिरवले. किती दिवस लागले ते सांगितलं, जिन्यावर घातलेला आळ कबूल केला. तो हसायला लागला. कठड्याचं कळल्यावर तर कमरेवर हात ठेवून हसला.

मग माझ्या लक्षात आलं. मी फाटकाच्या बाजूला असले की तो हसतो. आणि मी वळून थिएटरच्या पायऱ्यांपुढून गेले की माझ्या मागे त्याला ती इमारत दिसते, पोस्टरं काढलेल्या भिंती दिसतात, आणि त्याचे डोळे भरून येतात. पुन्हा फाटक आलं की हसू. पुन्हा पायऱ्या आल्या की डोळे. दर फेरीला तसंच. तो काही लपवत नव्हता. हाताच्या पाठीने नाक पुसत होता आणि "कठडा!" म्हणून परत हसत होता.

"मागच्या रांगेतली ती खुर्ची," मी पायऱ्यांपाशी असताना तो म्हणाला. "निदान ती एक तरी बांधायची होती मला."

"माहीत आहे मला," मी म्हणाले. मलाही रडू आलं, पण पॅडल मारताना डोळे पुसता येत नाहीत.

थोड्या वेळाने माझे पाय भरून आले. "अहो, आता धरा मला," मी ओरडले. "मला थांबता येत नाही! रोज नर्सबाई पुढे येऊन हँडल धरतात!"

तो दोन पावलं पुढे आला, हात पुढे केले, आणि मग खाली घेतले.

"फार दमलीस का?" त्याने विचारलं.

"का?"

"माझं अजून थोडं रडायचं राहिलंय," तो म्हणाला. "तू फिरत राहा."

पाय दुखत होते, पण मी आणखी एक फेरी घेतली.